पाहुण्यांचं पाणी

केसरबाईनं पाण्याचा जग टेबलावर ठेवला न ठेवला तोच सुचिता मॅडम खेकसल्या, "अहो केसरबाई, पाहुण्यांसमोर आपलं पाणी ठेवतात का? उचला आधी ते! बाटल्या काय शोभेला आणल्यात मी?" एवढंच झालं. याहून जास्त काही नाही. केसरबाई म्हणजे या विभागात शिपाई म्हणून जन्म काढलेली बाई. तिनं कपाळाला आठीसुद्धा न घालता जग उचलला, टेबलावर उमटलेलं ओलं वर्तुळ पदरानं पुसलं, सीलबंद बाटल्या ओळीनं मांडल्या आणि जग घेऊन बाहेर व्हरांड्यात आली. बाकावर समीक्षा आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. "घे वं माय, तू पे," केसरबाई म्हणाली. "आपल्याले काय होते? आपुन घरचेच." समीक्षानं ग्लास घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि तिथंच तिचा हात थांबला. पाहुण्यांसमोर आपलं पाणी ठेवतात का. आपलं पाणी निराळं, पाहुण्यांचं निराळं.  तिनं ग्लास बाकाखाली सरकवला आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर दोन्ही तळवे दाबून धरले.

आत काजल बोलत होती. काजल वनस्पतिशास्त्राची, तिचं आटपलं की समीक्षाचं नाव पुकारणार. दरवर्षी पुण्याहून ही आढावा समिती बुलढाण्याला यायची, कुणाची फेलोशिप चालू ठेवायची आणि कुणाची बंद करायची ते ठरवायची, जेवायची आणि परत जायची. फेलोशिपचं नाव लांबलचक होतं; त्यात मागास होतं, ग्रामीण होतं आणि जैववैद्यकीय संशोधनही होतं. ज्यांच्या घराण्यात कुणी प्रयोगशाळेचं दार पाहिलं नाही अशा पोरापोरींना डॉक्टरेट करता यावी म्हणून ती काढलेली. आज समितीनं हो म्हटलं की प्रबंध पुरा करायला शेवटचं वर्ष मिळणार. नाही म्हटलं की खोली सोडायची, बॅग भरायची आणि घाट उतरून गावी जायचं. तिथं आईनं पाहून ठेवलेला खामगावचा कृषी केंद्रवाला मुलगा तयारच होता. पण नाही म्हणायला कारणच नव्हतं. तिचं गाव सोनाळ्याच्या खाली, पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. तिथं जमिनीतून निघतं ते पाणी खारट. भांड्यांवर पांढरा थर धरतो, डाळ शिजता शिजत नाही, आणि माणसांच्या किडन्या जातात. त्या कशानं जातात हे शोधायला ती निघाली होती. ज्या घरात किडनीचा आजारी त्या घरचं प्यायचं पाणी, आणि शेजारच्या धडधाकट घरचंही. दोन्हीकडच्या माणसांचं रक्त, लघवी. निष्कर्ष अगदी स्वच्छ निघाला. पाणी सगळीकडे सारखंच, आणि सगळीकडे गोड, कारण आता गावोगाव मशीननं गोड केलेल्या पाण्याचे कॅन पोचले होते. लोक चांगलं पाणी पीत होते, तरी पंचविशीतली पोरं डायलिसिसला लागत होती. म्हणजे दोष पाण्याचा नव्हे. दोष अंगदुखीच्या गोळ्यांचा, ज्या लोक किराणा दुकानातून आणून फुटाण्यासारख्या खातात. तिच्या मार्गदर्शक सुचिता मॅडमचं मत पहिल्यापासून हेच होतं. शोधनिबंध लिहून तयार होता, त्यावर पहिलं नाव मॅडमचं होतं, आणि आज मॅडम नवी साडी नेसून आल्या होत्या.

या बाईचा समीक्षाला राग होता. राग म्हणजे काय, तिटकारा होता. मॅडमचे वडील पंजाबराव म्हणजे या गावातलं मोठं प्रस्थ, आणि मॅडम कुणाशीही बोलल्या तरी अंगणात उभ्या राहिलेल्या सालदाराशी बोलल्यासारखं बोलायच्या. "मी घेतलं म्हणून, नाहीतर तुला कोण घेणार होतं?" हे पहिल्या दिवशी म्हणाल्या आणि नंतर जमेल तेव्हा म्हणत राहिल्या. प्रयोगशाळेतला भागवत तर उघडच बोलायचा. "आमी घरचं खाऊन पीएचडी करून राह्यलो, आन् तुमाले सरकार घरी आनून देते. सरकारचे जावई हा तुमी." आधी आधी ती हसून सोडायची. मग रडायची. आता तिला नुसती खुन्नस यायची, आणि त्या खुन्नशीवर ती काम करायची. भागवत घरी गेल्यावर तिच्या नमुन्यांच्या नळ्या मशीनमध्ये फिरत असायच्या. तिची निवड झाली तेव्हा बाबा वांग्यांचं पोतं डोक्यावर घेऊन बुलढाण्याच्या स्टँडवर उतरले होते. मोतीराम माळ्याची, म्हणजे बाबांच्याच नदीकाठच्या तुकड्यातली वांगी, हिरवी, काटेरी देठाची. मॅडमच्या बंगल्याच्या पायरीवर पोतं टेकवून ते हात जोडून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "ठेवा तिथं." बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. बाबांनी परत निघताना फाटकाजवळच्या बागेच्या नळाला ओंजळ लावली आणि ते घटाघटा पाणी प्यायले. मिशा पुसत म्हणाले, "गोड हाय बाप्पा बुलढान्याचं पानी." तिला तेव्हा मॅडमचा राग आला नव्हता, बाबांचाच आला होता. असा कसा हा माणूस, कुठंही तोंड लावतो. तो राग आता तिला आठवला आणि स्वतःच्या कानफटात मारून घ्यावीशी वाटली.

पण ते जाऊ द्या. ती ज्याला घाबरत होती ते वेगळंच होतं, आणि ते आता हळूहळू समोर यायला लागलं होतं. पाण्याचे नमुने. विभागाच्या गाडीतून ती गावात उतरली होती; अंगात पांढरा कोट, मागं बर्फाची पेटी घेतलेला ड्रायव्हर. पहिलं घर शालूबाईचं, जिचा नवरा डायलिसिसला खामगावला जायचा. शालूबाईनं घाईघाईनं बाजेवर चादर टाकली, तिला बसवलं, तिच्या हातातली बाटली घेतली आणि आत गेली. आतून बाटली विसळल्याचा आवाज आला. बाटली भरून आली. समीक्षानं विचारलं, "हेच पेता ना रोज?" शालूबाई म्हणाली, "हाव, हेच त." पुढचं घर. बाटली आत गेली, भरून बाहेर आली. हेच पेता ना? हाव. त्याच्या पुढचं घर. बाटली आत. एकदाही, एकाही घरात, तिनं स्वतः उठून आत जाऊन पाहिलं नव्हतं. का नव्हतं पाहिलं? कारण तसं करणं वाईट दिसतं. पाव्हणा आपल्या पायानं उठून दुसऱ्याच्या पाण्याच्या जागेपाशी जात नाही. तिला शिकवलेलंच होतं तसं. एखादी पुण्याची पोरगी असती तर सरळ आत घुसली असती, कोपऱ्यातल्या माठात नाक खुपसलं असतं, लोकांनी तोंड वाकडं केलं असतं, पण नमुना खरा आला असता. तिला मात्र आपण मोठं शहाणपणाचं वागतोय असं वाटत होतं. हीच तर तिची लायकी होती, फेलोशिपच्या मुलाखतीत तिनं हेच सांगितलं होतं: मी तिथली आहे, मला ते लोक परके नाहीत, मला रीत माहीत आहे. आणि त्या रीतीनंच तिचं काम खाल्लं की काय?

आतून काजलचा आवाज येत होता, मध्येच कुणीतरी हसलं.  समीक्षाला तिच्या घरातली पाण्याची जागा दिसायला लागली. आत्ताची नाही, फार पूर्वीची. भिंतीलगत दगडी ओटा, ओट्यावर माठ आणि माठाच्या बाजूला, वेगळा, पितळी गुंड, हंड्यासारखा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला, वर उपडी झाकणी. माठातलं पाणी घरच्यांचं. गुंडातलं पाव्हण्यांचं. तिची आई सत्यभामाबाई सोनाळ्याची, गोड्या पाण्याच्या गावची. लग्न होऊन या खारट गावात आली तेव्हा म्हणे पहिला घोट तोंडात घेऊन तिनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मग बाबा सायकलला घागरी बांधून वरच्या गावाहून गोडं पाणी आणायला लागले, आणि आईनं ते स्वतः कधी प्यायलं नाही. ते गुंडात जायचं. सोनाळ्याहून मामा आला, शाळेचे मास्तर आले, सोयरे आले की त्यातून निघायचं. सत्यभामाबाईच्या घरी पाणी गोड असतं, असं चार गावांत झालं होतं, आणि आईला त्याचा कोण अभिमान! एकदा उन्हाळ्यात समीक्षा शाळेतून आली, घर रिकामं, तिनं झाकणी उचलली आणि गुंडात पेला बुडवला. ते पाणी तिला आत्ताही जिभेवर आठवलं. कसलीच चव नसलेलं, नुसतं गार, घशातून सरळ खाली उतरणारं. दुसरा पेला तोंडाला लावलेला असताना मागून आईची चापट बसली, अशी की पेला जाऊन ओट्यावर आपटला. "पाव्हनी हायेस का तू? घरचीनं घरचं पेवा!" गाल दुपारभर चुरचुरत होता. एवढी चापट खाल्लेली पोरगी, आणि ती मोठी होऊन, पुस्तकं वाचून, बर्फाची पेटी घेऊन त्याच गावात दारोदार विचारत फिरली की तुम्ही कोणतं पाणी पिता. लोकांनी भरून दिलं ते तिनं मोजलं. हसावं की रडावं?

नाही, असं नसेल. तिनं स्वतःला समजावलं. आता काळ बदलला, कॅन आले. तिच्या स्वतःच्या घरात ती दिवाळीला गेली की कॅन असतोच, ओट्यावर, तोटीवर स्वच्छ रुमाल टाकलेला. तिनं घरचा नमुनाही घेतला होता. बाबांच्या किडन्या अर्ध्या गेलेल्या, म्हणजे तिचं घर आजाऱ्याच्या यादीत होतं. आईनंच बाटली भरून दिली होती. आई खोटं का देईल? तिनं फोन काढला. घाईत दोनदा दुसऱ्याच कुणाला लागला.

"काय वं, झालं का तुयं? पास झाली का?" आईचा आवाज वाऱ्यात फडफडत होता, ती वावरात असावी.

"आई, मले एक सांग. खरं खरं सांग. तू मले बाटलीत कोनतं पानी भरून देल्लं होतं?"

"कोनती बाटली?"

"गाडी घेऊन आलती मी. तपासनीची बाटली."

"ते होय. क्यानचं."

"तुमी रोज क्यानचं पेता?"

"आमी कायले पेतो वं? रोज कोन आनते? तू येनार असली का मांगवतो आमी. तुले नाई सोसत आता बोरचं, पोट बिघडते तुयं."

 आई सुरूच झाली होती, खुशीत होती. "तुया बापानं त नेहमीसारखं बोरचंच भरलं होतं, मी फेकून देल्लं. म्हनलं, लेकीच्या परीक्षेचं काम हाय, तिच्यात हे खारं पानी देता? अन् मीच त शालूले सांगतलं, साऱ्यायले सांगतलं, पोरगी येऊन राह्यली, पानी चांगलं भरून द्या. गावाचं पानी खराब निंगालं त तिले नापास नाई का करतीन? साऱ्या बायायनं त्या दिवशी क्यान मांगवली. ज्यायच्या घरी नोती त्यायनं शालूच्या घरून आनलं. कोनी नाई म्हनलं नाई, पाय! गावानं लय केलं तुयासाठी."

"आई," ती म्हणाली, "तुमी माहा घात केला."

"काय म्हनलं?" वारा होता. आईला ऐकू गेलं नव्हतं. समीक्षानं फोन बंद केला.

सगळं गाव तिच्यासाठी राबलं होतं. अख्ख्या गावानं मिळून तिला पास करायचं ठरवलं होतं. तिला आईचा असा संताप आला की ती समोर असती तर तिच्या हातातलं खुरपं हिसकून फेकलं असतं. शालूबाईचाही आला. नवरा महिन्यामागून महिने सुया टोचून घेतोय, आणि ही बया कॅनचं पाणी भरून म्हणते, हाव, हेच त! कुणासाठी केलं हे? कुणी सांगितलं होतं? आणि त्या संतापाच्याही तळाशी एक बारीक, ओंगळ दुखणं होतं, त्याच्याकडे तिला पाहवत नव्हतं. तू येनार असली का मांगवतो आमी. म्हणजे ती आली की कॅन यायचा, ती गेली की जायचा. दिवाळीच्या दिवशी ती कॅनचं पाणी प्यायची, आणि तिच्या पाठीमागं, त्याच घरात, तिचा बाप माठात पेला बुडवायचा. तिनं पाहिलं नव्हतं. घरचीनं घरचं प्यावं म्हणून जिनं चापट मारली, तिनंच तिला केव्हातरी गुपचूप घरच्यांतून काढून पाव्हण्यांत टाकलं होतं. केव्हा? कॉलेजला गेली तेव्हा? पांढरा कोट घातला तेव्हा? इथं बुलढाण्यात ती फेलोशिपवाली, फुकटी, गावंढळ. आणि तिथं गोड्या पाण्याची पाव्हणी. मग ती होती कुणाची?

बरं, समजा काहीच बोललं नाही तर? विचार आला तो आलाच, आणि मांजरानं मांडीवर येऊन बसावं तसा येऊन बसला. कुणाला कळणार आहे? आकडे तिनं खोटे लिहिलेले नव्हते. मशीननं जे सांगितलं तेच टाइप केलं. आज हो म्हणवून घ्यायचं, प्रबंध द्यायचा, नावापुढं डॉक्टर लावायचं, आणि मग आयुष्य पडलंय खरं पाणी मोजायला. उलट आत्ता बोललं तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. मॅडम तिला फाडून खातील. भागवत तर पेढेच वाटेल. आणि कृषी केंद्रवाला. तिला त्याच्या शर्टाच्या खिशातली फवाऱ्याच्या औषधाची जाहिरात असलेली पेनं आठवली. गप बस, तिनं स्वतःला बजावलं. तू काही चोरी केली नाहीस. मुकाट्यानं बोल आणि बाहेर ये. काजल बाहेर आली, तोंडभर हसली, "काही नाही गं, चांगले आहेत सगळे," म्हणाली आणि आतून मॅडमनी हाक मारली.

ती बोलली, आणि चांगलं बोलली. इतक्या वेळा घोकलेलं होतं की तोंड आपोआप चाललं. पडद्यावर तिचे आलेख एकामागून एक सरकले, आजारी घरं आणि निरोगी घरं, दोन्ही रेघा शेजारी शेजारी, बहिणींसारख्या सारख्या. समितीत अध्यक्ष होते, पांढऱ्या भुवयांचे, डोळे अर्धे मिटून ऐकणारे; आणि एक बाई होत्या, त्या पहिल्यापासून तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या. "किती गोड बोलतेस गं! तुमच्याकडची भाषा ऐकायला फार मजा येते," असं त्या मध्येच म्हणाल्या, आणि समीक्षाला कळेना की आपण एवढं सांभाळून पुस्तकी बोलतोय त्यात यांना मजा कुठं सापडली. समोर बाटल्या होत्या. अध्यक्षांनी एकीचं सील मोडलं, दोन घोट घेतले आणि समाधानानं म्हणाले, "म्हणजे पाण्याचं भूत उतरलं म्हणायचं! इतकी वर्षं नुसती ओरड, खारं पाणी, खारं पाणी. आणि निघालं काय? लोकच गोळ्या खातात. स्वतःच्याच हातानं. त्याला सरकार तरी काय करणार?" मॅडम हसल्या. "मी तर पहिल्यापासून म्हणतेय सर. या लोकांना सवयच तशी. सांगून ऐकत नाहीत." या लोकांना. समीक्षाला तिचा बाप, मोतीराम, दिसला. जन्मात कधी अंगदुखीची गोळी न घेतलेला माणूस. ताप आला तर घोंगडं पांघरून पडायचा, काटा गेला तर चुना लावायचा. पहिली गोळी घेतली ती किडन्या अर्ध्या गेल्यावर, डॉक्टरनं दिली म्हणून. आता या खोलीत, बाटलीतलं पाणी पिऊन, त्याच्या दुखण्याचा दोष त्याच्याच गळ्यात बांधला जात होता, आणि गाठ मारायला दोरी त्याच्या लेकीनं दिली होती.

"नाही सर," ती म्हणाली. आवाज मोठा आला. "हे पानी त्यायचं नाही हाय."

सगळे बघायला लागले. पुस्तकी भाषा कुठल्या कुठं पळाली होती. येईल तशी ती बोलत गेली. बायांनी तिला पाहुण्यांचं पाणी भरून दिलं. ते रोज बोअरचंच पितात. हे तिला आत्ता, तासाभरापूर्वी कळलं. सगळे नमुने खोटे आहेत, आलेख खोटे आहेत, पाणी निर्दोष सुटलेलं नाही, पाणी मोजलंच गेलेलं नाही. 

"काय बडबडतेयस तू?" मॅडम म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता, आणि तेवढ्याही गोंधळात तो पाहून समीक्षाला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. खोटं कशाला बोला.

अध्यक्षांनी डोळे पूर्ण उघडले. ते रागावले नाहीत, रागावले असते तर परवडलं असतं. "पण तुम्ही तर त्याच गावच्या ना?" ते म्हणाले. "अहो, तुम्हाला फेलोशिप दिली ती याच्याचसाठी. बाहेरच्याला जे कळणार नाही ते तुम्हाला कळेल म्हणून. मग आमच्या शहरातल्या मुलाला पाठवलं असतं तर काय बिघडलं होतं?"  कौतुकानं बघणाऱ्या बाई आता कीव करत होत्या. नमुने नव्यानं घ्यायला मुदत वाढवून देता येईल, अध्यक्ष म्हणाले, मार्गदर्शकांची शिफारस असेल तर. सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी पुढ्यातली बाटली उचलली, झाकण घट्ट फिरवलं. "माझी शिफारस नाही," त्या म्हणाल्या. "ज्या मुलीला आपल्या घरात काय पितात ते ठाऊक नाही, तिनं संशोधन करू नये." एवढ्यावर ते संपलं. समीक्षा बाहेर आली तेव्हा केसरबाई बाकाखालचा ग्लास उचलून त्यातलं पाणी कुंडीत ओतत होती.

बस बोथ्याचा घाट उतरत होती तसतसा गारवा मागं पडत गेला. खामगावला गाडी बदलताना तिनं आईला फोन करून सगळं सांगून टाकलं, एका दमात, आणि आई काही म्हणायच्या आत ठेवून दिला. पुढची बस पत्र्यासारखी तापलेली होती. तिनं दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. जीभ टाळूला चिकटत होती, पण स्टँडवर बाटली घ्यायला तिचा हात पुढं झाला नाही. खिडकीबाहेर कपाशी आली, मग पांढरट, भेगाळलेली सपाट जमीन आली, आणि तिला त्या जमिनीचाही राग आला. गावच्या फाट्यावर ती उतरली तेव्हा शालूबाई समोरूनच येत होती. एरवी दहा हाका मारणारी बाई, तिनं पदर सावरला आणि न बोलता बाजूनं निघून गेली. म्हणजे गावभर झालं होतं.

बाबा दारापुढच्या ओट्यावर बसले होते, पाय सुजलेले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नुसतं, "आली?" म्हटलं. आई चुलीपाशी होती, ती उठली नाही. मग एकदम उठली. "तोंड घेऊन कायले आली? आमी लोकायच्या हातापाया पडून पानी जमवलं, आन् तू भर सभेत सांगतलं का आमी खोटाड्या हाओ? काऊन? कोन इचारलं होतं तुले? चूप राह्यली असती त काय जीभ झडत होती? त्या शालूनं माह्यासमोर दार लोटलं आज!" ती बोलत होती, रडत होती, भांडी आपटत होती. समीक्षा दारातच उभी राहिली. तिची नजर आत पाण्याच्या ओट्याकडे गेली. कॅन नव्हता. रुमाल नव्हता. माठ होता, कडेला पांढरी खार धरलेला, जसा तिच्या लहानपणी होता तसा.

"पानी दे तिले आधी," बाबा म्हणाले.

"देतो ना." आईनं पेला माठात बुडवला, इतक्या जोरात की पाणी कोपरापर्यंत आलं, आणि तिच्यापुढं आदळला. "क्यान नाही मांगवली. आता कोनासाठी मांगवू? सायबीन होती तवा होती. घे! आता घरचीच झाली ना तू, पे घरचं!"

समीक्षानं पेला उचलला. पाणी किंचित गढूळ होतं. तहान अशी होती की हात आपोआप तोंडाकडे निघाला. तिनं तो आवरला. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, आत चाचपलं. वापरायच्या राहिलेल्या बाटल्या तळाशी होत्या, प्रयोगशाळेत धुऊन, वाळवून, झाकण लावून ठेवलेल्या. तिनं एक काढली, उंबऱ्यावर टेकवली आणि पेल्यातलं पाणी एक थेंब न सांडता तिच्यात ओतलं. झाकण लावलं. बाटलीवर पेनानं बाबांचं नाव घातलं. आई तोंडावर पदर धरून बघत राहिली होती. रडणं अर्ध्यावर थांबलं होतं.

समीक्षानं रिकामा पेला तिच्यापुढं धरला.

"हे तपासाचं झालं," ती म्हणाली. "आता एक प्यायले दे."